ताबा सुटून खाणं: उपचाराची सुरुवात सकाळच्या न्याहारीपासून

रस-मांड्यांच्या पंगतीत दोन मांडे जास्त गेले, तर तो आजार नव्हे. साधारण दोन तासांच्या आत चारचौघांपेक्षा कितीतरी जास्त खाणं आणि खाताना हात आवरता न येणं, हे आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने घडत असेल तर त्याला 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' म्हणतात. भूक नसताना, भराभर, कोणाच्या नजरेआड खायचं आणि मग स्वतःचीच किळस येते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये त्याला स्वतंत्र आजार मानलं.

घरचे म्हणतात, 'जिभेवर ताबा नाही.' मग दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास धरला जातो, आणि तिथेच पुढच्या वेळची तयारी होते. अमेरिकेतल्या मिनेसोटात 1944-45 साली 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. पुढे हवं तेवढं जेवण मिळू लागल्यावर त्यांतल्या काहींना पोट तुडुंब भरूनही थांबता येईना.

म्हणून वर्तनोपचारात, म्हणजे सवयी बदलण्याच्या मानसोपचारात, आधी खाणं कमी करत नाहीत, वेळेवर आणतात. तीन जेवणं, दोन वेळा मधलं खाणं, आणि मध्ये चार तासांहून जास्त खंड नको. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44च्या वर गेला की दिवस ताक-चहावरच निघतो, आणि ऊन उतरल्यावर रात्री डबे उघडले जातात. त्यापेक्षा सकाळी आठला कळण्याची भाकरी नि दही, अकराला केळं, एकला जेवण, साडेचारला मूठभर फुटाणे, आठला जेवण. भूक नसली तरी घड्याळ पाहून. पहिले काही दिवस पोट जड वाटतं. घाबरून एक वेळ गाळली की गाडी पुन्हा रुळावरून घसरते.

सोबत वही ठेवायची. नोंद अशी: 'रात्री 10.40, ओट्याशी उभ्याने, शेव अर्धा पाव, दोन भाकरी. ताबा सुटला. दुपारी जेवण नाही, संध्याकाळी भांडण.' खाल्ल्या खाल्ल्या लिहायचं. रात्री आठवून लिहिलं की दुपारचं गाळलेलं जेवण हमखास निसटतं. कॅलरी मोजू नयेत. वजन आठवड्यातून एकदाच.

खाण्याची ऊर्मी आली की ती साधारण अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ स्वयंपाकघराबाहेर काढायचा: अंघोळ, फोन, गल्लीत फेरी. शेव किंवा दराबा (खानदेशी गोड पदार्थ) मात्र कायमचा बंद करू नये, कारण बंदी घातलेल्या पदार्थावरच आधी हात जातो. काही आठवड्यांनी घडी बसली की तो ताटात वाढून, बसून, जेवणाबरोबर खायचा. पुडीतून कधीच नाही.

या उपचाराने ताबा सुटून खाण्याचे झटके पुष्कळ कमी होतात, वजन मात्र फारसं उतरेलच असं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर महिन्याभरात काटा हलला नाही म्हणून माणूस पुन्हा डाएटकडे वळतो. सोबत नैराश्य असेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषधंही देतात. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावं. खाऊन मुद्दाम उलटी काढत असाल किंवा जुलाबाची औषधं घेत असाल तर घरगुती प्रयोग नकोत: रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जवळ तज्ज्ञ नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.