रेड अलर्ट उठला तरी नदी चढतच असते

पावसाळ्यात कोल्हापूर-सांगलीकडच्या मोबाइलवर दोन प्रकारचे निरोप एकदमच येऊन पडतात. एक हवामान खात्याचा रंग: यलो, ऑरेंज, रेड. दुसरा नदीचे फूट: राजाराम बंधारा इतके, आयर्विन पूल इतके. बोलताना दोन्हींना ‘अलर्ट’च म्हटलं जातं आणि तिथून घोटाळा सुरू होतो. ‘रेड अलर्ट काढला, आता काही होत नाही,’ असं पूरपट्ट्यातल्या माणसाने म्हटलं की मला खरोखर भीती वाटते.

रंग हा आभाळाचा अंदाज. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी पाऊस म्हणजे मुसळधार, २०४.४ मिमीपर्यंत अति मुसळधार आणि त्याच्याही पुढे अत्यंत मुसळधार. असा पाऊस होण्याची शक्यता किती आणि त्याने काय काय बिघडू शकतं, हे पाहून रंग ठरतो. यलोला लक्ष ठेवायचं, ऑरेंजला तयारी करायची, रेडला हालचाल करायची. हा इशारा बहुतेक वेळा जिल्ह्यासाठी असतो; घाटमाथ्यासाठी कधी कधी वेगळा दिला जातो. तो ‘घाट’ शब्द वाचायला लोक विसरतात. शहरात नुसती भुरभुर आणि गगनबावड्याला पाऊस कोसळतोय, हे कोल्हापूरकरांना नवं नाही.

नदीची पातळी हा अंदाज नव्हे, ते मोजलेलं पाणी आहे. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट, धोका पातळी ४३. सांगलीत कृष्णेची आयर्विन पुलापाशी ४० आणि ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये ५६ च्या वर.

या दोन्हींत गल्लत करणं महागात पडतं ते वेळेमुळे. तुमच्या दारातलं पाणी तुमच्या छपरावर पडलेलं नसतं. ते कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांतून उतरून आलेलं असतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने उघडतात, त्याचा विसर्ग त्यात मिळतो. कोयनेतून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत येतं आणि सांगली गाठायला दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ घेतं. पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. तिथे कृष्णाच तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी तुंबून मागे फुगतं. म्हणून ऊन पडलेलं असताना पाणी चढतं. रंग हिरवा होतो आणि फूट वाढत राहतात.

तेव्हा माझ्या मते कामं वाटून घ्यावीत. रंग बघून तयारी करा, फूट बघून घर सोडा. ऑरेंज आला की कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, औषधं, बॅटरी, पिण्याचं पाणी, चार्ज केलेले फोन, धान्य माळ्यावर. इशारा पातळी गाठली की म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई आणि जनावरं आधी हलवायची. जनावरांचं काम तर शेवटपर्यंत ठेवूच नका. गोठ्यासाठी मागे थांबलेली माणसं अडकतात, मग रात्री बोट बोलवावी लागते. निघायला खरंच वेळ उरला नाही, तर निदान दावं सोडून द्या. घर सोडताना मेन स्विच आणि गॅस बंद. धोका पातळीची वाट बघत बसण्यात शहाणपण नाही, कारण तोवर गावाचा रस्ताच पाण्याखाली गेलेला असू शकतो.

आणखी एक गोष्ट. ४३ फूट म्हणजे रस्त्यावर ४३ फूट पाणी नव्हे, ती त्या ठिकाणच्या मोजपट्टीवरची खूण आहे. तिथलं किती फूट झालं की आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं, हे गल्लीतल्या जुन्या माणसांना ठाऊक असतं. विचारा आणि तो आकडा दारामागे लिहून ठेवा. सरकारी दोन पातळ्यांपेक्षा हा तिसरा आकडा तुमच्या जास्त कामाचा.

कोकणात मात्र हा हिशेब चालत नाही. तिथल्या नद्या लांबीने कमी, उतार तीव्र, वर समुद्राची भरती. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा पाऊस आणि पूर यांच्यात सांगलीसारखं अंतर नव्हतंच. अशा ठिकाणी रंगच शेवटचा इशारा समजावा आणि त्याच्याशेजारी भरतीची वेळ पाहावी. मुंबईत तर २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला आणि कुलाब्याला ७५ देखील नाही. जिल्ह्याचा एक रंग सगळ्या वस्त्यांना सारखा लागू पडत नाही, तो असा.

रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्याला मात्र ना रंग असतो ना फूट. गुडघ्याएवढा प्रवाह धडधाकट माणसाला पाडतो, दोन फुटांत चारचाकी वाहून जाते. पुलावरून पाणी जात असेल तर गाडी मागे वळवा आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवा, म्हणजे मागून येणाऱ्यांना कोणी तरी अडवेल.