सुकियाकी (गाणे)

क्यू साकामोतो या जपानी गायकाचे १९६१ सालचे गाणे जपानबाहेर 'सुकियाकी' या नावाने ओळखले जाते. मूळ शीर्षक 'उए ओ मुइते अरुको', म्हणजे 'वर बघत चालू या'. सुकियाकी हा गोमांसाचे पातळ काप, सोया सॉस आणि साखर घालून उथळ भांड्यात शिजवायचा जपानी पदार्थ. गाण्यात तो कुठेही नाही. एखादे विरहाचे भावगीत परदेशात 'झुणका-भाकर' म्हणून विकावे, तसाच हा प्रकार.

गीत रोकुसुके एई यांचे, संगीत हाचिदाई नाकामुरा यांचे. जपानीत रोकु म्हणजे सहा, हाची म्हणजे आठ आणि क्यू म्हणजे नऊ. त्यामुळे या तिघांना '६-८-९ त्रिकूट' असे गमतीचे नाव पडले. साकामोतो खरोखरच घरातले नववे अपत्य होते. एनएचके वाहिनीच्या 'युमे दे आइमाशो' या कार्यक्रमातून गाणे घरोघरी पोहोचले.

डोळ्यांतले पाणी गालांवर ओघळू नये म्हणून निवेदक मान वर करून चालतो आहे आणि पाणावल्या डोळ्यांना पुसट दिसणारे तारे मोजतो आहे, असे शब्दांतले चित्र. ऐकणाऱ्याला ही प्रेमभंगाची कथा वाटते. एईंच्या मनात मात्र १९६० ची आंदोलने होती. अमेरिका-जपान सुरक्षा करार रोखण्यासाठी लाखो लोक रस्त्यावर उतरले, तरी करार झालाच. त्या हताशेतून हे शब्द आले. गीतात राजकारणाचा एकही शब्द नाही, म्हणूनच ते कुणाच्याही दुःखाला चपखल बसते.

चालीची पहिली ओळ पेटीवर वाजवून पाहिली तर मराठी कानाला भूप आठवेल: सा सा रे ग, मग खाली धैवत, पंचम. संपूर्ण गाणे भुपात नाही, पुढे चाल ती चौकट सोडते. साकामोतोंची गायकी मात्र थेट अमेरिकी रॉक अँड रोलमधून उचललेली: एकेक स्वर उचकी लागल्यासारखा तोडायचा. एईंना ही शब्दफेक सुरुवातीला मुळीच रुचली नव्हती. एक अख्खे कडवे साकामोतो शब्दांऐवजी शिट्टीत म्हणतात. भाषा न कळणाऱ्यालाही तेवढे समजते.

नामांतर झाले इंग्लंडमध्ये. केनी बॉल यांच्या जॅझ वाद्यवृंदाने चाल वाजवली, तेव्हा मूळ नाव ब्रिटिश जिभेला झेपणार नाही म्हणून 'पाय' (Pye) या ध्वनिमुद्रिका कंपनीने लोकांच्या ओळखीचा एक जपानी शब्द चिकटवला. १९६३ च्या सुरुवातीला ही शब्दविरहित आवृत्ती तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत गेली. कॅपिटॉल कंपनीने मग साकामोतोंचीच तबकडी त्याच नावाने अमेरिकेत आणली. जून १९६३ मध्ये ती बिलबोर्ड मासिकाच्या 'हॉट १००' या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सलग तीन आठवडे पहिली होती. 'मून रिव्हर' हे गाजलेले अमेरिकी गाणे जपानात 'बीफ स्ट्यू' नावाने विकण्यासारखेच हे आहे, असा टोला 'न्यूजवीक' या अमेरिकी साप्ताहिकाने तेव्हा मारला होता. दुसऱ्या कोणत्याही जपानी भाषेतल्या गाण्याला ते स्थान अजून मिळालेले नाही.

पुढच्या गायकांनी चाल ठेवली आणि शब्द बदलले. अमेरिकेतल्या 'अ टेस्ट ऑफ हनी' या जोडीतल्या जॅनिस-मरी जॉन्सन यांनी इंग्रजीत सरळसरळ प्रेमगीतच लिहिले. सोबत कोतो हे जपानी तंतुवाद्य घेतलेली त्यांची संथ आवृत्ती १९८१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर पोहोचली. अमेरिकी गायिका सेलेनाने ते स्पॅनिशमध्ये गायले. १९९४ मध्ये 'फोर पी.एम.' या चौकडीने नुसत्या गळ्यांवर ते उभे केले. तेही पहिल्या दहांत. मान वर करून चालणारा तो माणूस या इंग्रजी शब्दांत कुठेच उरलेला नाही, पदार्थाचे नाव तेवढे टिकले.

१२ ऑगस्ट १९८५ रोजी टोकियोहून ओसाकाला निघालेले जपान एअरलाइन्सचे १२३ क्रमांकाचे विमान डोंगरावर कोसळले. त्यात ५२० जण दगावले. ४३ वर्षांचे साकामोतो त्यांतलेच. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर सन्टोरी या पेय कंपनीने अनेक कलावंतांकडून हे गाणे तुकड्यातुकड्याने गाऊन घेऊन दूरचित्रवाणीवर दाखवले, ते एईंच्या मूळ शब्दांत.