सागाच्या थेंबामागून मामा तलावापर्यंत

"आत्या, मामा तलाव म्हणजे कुणाच्या मामाचा?" नागपूरहून निघून मनसरचं वळण यायच्या आतच सहा वर्षांच्या भाचीने विचारलं. आम्ही खरोखरच मामाकडे चाललो होतो, रामटेक तालुक्यातल्या माझ्या आजोळी, त्यामुळे तिचा संशय रास्त होता. पण या तलावांचं नाव नात्यावरून पडलेलं नाही. पूर्व विदर्भात धानासाठी गावोगावी तलाव बांधले गेले आणि ते गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री 'माजी मालगुजारी तलाव' असं लिहिलं जाऊ लागलं. दोन्ही शब्दांतला पहिला 'मा' उचलून लोकांनी 'मामा' केलं.

नागपूरकडे वर्षाला साधारण १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. उरलेले आठ महिने त्या चार महिन्यांच्या साठ्यावर काढायचे. जुन्या माणसांनी त्यासाठी उतार पाहिला, तीन बाजूंनी पाणी आपोआप येईल अशी जागा हेरली आणि चौथ्या बाजूला मातीची पाळ घातली. म्हणून असा तलाव पाहायचा तर नुसता काठ पाहून भागत नाही. पाणी जिथून येतं त्या जंगलातून उतरत यायचं. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन आम्ही तेच केलं. गावापासून सागाच्या उतारावरून तलाव आणि पाळेवरून परत, असं जेमतेम तीन किलोमीटरचं अंतर. आम्हाला साडेतीन तास लागले.

ही वाट गावच्या शिवारातली होती आणि पुढे काठी घेऊन मामा होते. हे मुद्दाम सांगते, कारण पेंचचं जंगल इथून दूर नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात पायी फिरायला परवानगी नसते आणि ते योग्यच आहे. शहरातच सुरुवात करायची असेल तर अंबाझरीचं जैवविविधता उद्यान आहे. जरा लांब जायची तयारी असेल तर नवेगावबांधचा तलाव.

साग सुरू झाला तशी मुलं रेंगाळू लागली. मामांनी एक कोवळं पान तोडून भाचीच्या तळहातावर चोळलं. हात लालभडक. सागाच्या कोवळ्या पानात रंगद्रव्य असतं आणि पान चुरगळलं की ते बाहेर येतं. ती पुढचा अर्धा तास हात उंच धरून चालत होती. पण त्या दिवसाचा खरा शोध माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला लागला. "आई, इथे कुणी चिखल उडवलाय?" सागाच्या बुंध्यांवर जवळजवळ त्याच्या गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत वाळक्या चिखलाचे शिंतोडे होते. पाण्याचं डबकं नाही, रस्ता नाही, गाडी नाही. मग उडवला कुणी?

पावसाने. आपण समजतो की झाड पावसाचा मारा अडवतं. सागाच्या बाबतीत गोष्ट थोडी उलटी आहे. सागाचं पान केवढं मोठं, सुपाएवढं म्हणा ना. त्यावर पडलेले बारीक थेंब वाहत एकत्र येतात आणि टोकावरून एकच जाडजूड थेंब होऊन सुटतात. एक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला चारेक मीटर वेगाने पडतो. पाच मिलिमीटरचा थेंब पुरेशा उंचीवरून आला तर सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास पोचतो. म्हणजे तेवढंच पाणी बारीक थेंबांऐवजी मोठ्या थेंबांतून खाली आलं, तर जमिनीवरचा आघात साधारण पाचपट होतो. उंच सागाखाली जमीन उघडी असेल तर पावसाचा मार मोकळ्या मैदानापेक्षाही जास्त बसू शकतो. मातीचे कण सुटतात, उडतात आणि उताराने तलावाकडे निघतात.

मामांनी आणखी एक गंमत दाखवली. जमिनीलगत डोकं नेऊन पाहिलं तर बारीक खडे मातीच्या छोट्या खांबांवर उभे होते, बोटाच्या पेराएवढ्या. खड्याने आपल्याखालची माती वाचवली होती, भोवतालची गेली होती. खांबाची उंची म्हणजे या पावसाळ्यात तिथून गेलेली माती. मुलं पोटावर पालथी पडून हे खांब मोजत होती आणि मी, जी कित्येक वर्षं या वाटेने येते, ते पहिल्यांदाच पाहत होते.

थोडं पुढे गेल्यावर खांब नाहीसे झाले. शिंतोडेही. तिथे पाचोळ्याचा घोटाभर थर होता आणि खाली झुडुपं, गवत, रोपटी. थेंब पानातून सुटून पाचोळ्यावर पडतो आणि तिथेच त्याचा जोर मोडतो. पाणी हळूहळू खाली झिरपतं. पाचोळा दूर सारला तर पांढरे बुरशीचे धागे, वाळवी, एक पैसा किडा आणि तो ओळखीचा वास. पहिल्या पावसातला मातीचा वास म्हणतो ना, त्यात मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या रसायनाचा असतो आणि मातीतले सूक्ष्म जीवाणू ते तयार करतात. भाचीने मूठभर माती नाकाशी धरली आणि खूप वेळ सोडली नाही.

मग मधला तो पट्टा उघडा का? "मोहफुलं वेचायला पाचोळा जाळते ना जी," मामा म्हणाले. मोह मार्च-एप्रिलच्या सुमारास टपटप गळतो आणि पाचोळ्यात फुलं दिसत नाहीत, म्हणून झाडाखाली आग लावतात. ती पुढे सरकते. मोहफुलांवर कितीतरी घरांचा उन्हाळा निघतो, त्यामुळे यात कुणाला दोष द्यावासा वाटत नाही. झाडाखाली जाळी किंवा कापड अंथरून फुलं झेलता येतात, आणि असं करणारी गावं आहेत.

एक काळजीची गोष्ट आईबाबांसाठी. पावसाळा संपता संपता गवतात आणि झुडुपांत माइट या अतिसूक्ष्म किड्याच्या अळ्या असतात. त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होऊ शकतो. २०१८ साली नागपूर आणि आसपास याचे रुग्ण बरेच वाढले होते. पूर्ण बाह्यांचे कपडे, मोज्यात खोचलेली पँट, उंच गवतात बसकण नाही, घरी आल्यावर आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात, एवढं पाळायचं. फिरून आल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप आला, अंगावर काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगायचं. वेळेवर कळलं तर साध्या अँटिबायोटिकने बरा होणारा आजार आहे.

तलावाशी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि पाण्यावर चतुरांची गर्दी होती. मुलं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. चतुर पाण्यात अंडी घालतो आणि पिल्लू पाण्यातच वाढतं. हे पिल्लू शेपटीकडून पाणी आत घेतं, तिथल्याच कल्ल्यांनी श्वास घेतं, आणि धोका दिसला की तेच पाणी जोराने मागे सोडून पुढे झेपावतं. रॉकेटसारखं. पिवळसर रंगाचे काही चतुर हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेला जातात, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने मालदीवमधल्या नोंदींवरून २००९ मध्ये मांडलं. हे ऐकल्यावर मुलाने अंगावर बसलेल्या चतुराला हात लावायचं सोडून दिलं.

कमळाच्या पानावर ओंजळीने पाणी सोडलं तर पाऱ्यासारखे गोळे होऊन पळतात. विल्हेल्म बार्थलॉट या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून याचं कारण उलगडलं. पान डोळ्याला गुळगुळीत दिसतं, पण त्यावर असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे कण. थेंब फक्त टोकांवर टेकतो, खाली हवा राहते. घरंगळताना तो धूळही घेऊन जातो. त्याच पानांवर एक कमळपक्षी लांबलचक बोटं पसरून वजन वाटून घेत चालत होता. या पक्ष्यांत अंडी नर उबवतो, हे ऐकून मामींना फार आनंद झाला.

शेवटी आमचा प्रयोग. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने समुद्राचं पाणी किती निवळ आहे हे पाहायला पांढरी चकती दोरीने खाली सोडली आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजली. आजही तलावांवर हेच करतात. आम्ही डब्याच्या पांढऱ्या झाकणाला दगड बांधला, सुतळीला वीतवीतभर अंतरावर गाठी मारल्या. काठ मामांनी निवडले आणि दोरी त्यांनीच धरली, मुलं मागे बसून गाठी मोजत होती. पाचोळ्याचा उतार उतरतो त्या कोपऱ्यात झाकण पाचव्या गाठीपर्यंत दिसलं. जळालेल्या पट्ट्याचं पाणी येतं त्या कोपऱ्यात दुसऱ्या गाठीच्या आतच गडप झालं. मुलाने सुतळी हातात घेऊन पुन्हा मोजलं. मग मामांकडे वळून त्याने विचारलं, येत्या उन्हाळ्यात मोहाखाली अंथरायला आपल्या घरच्या जुन्या मच्छरदाण्या चालतील का.