व्ह्यूफाइंडरमुळे डोळ्याचा नंबर वाढतो का?

मुलीच्या हातात पहिला कॅमेरा आला की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, "डोळ्याला एवढा चिकटवू नकोस गं, नंबर लागेल. मागे मोठा स्क्रीन आहे ना, त्यात बघ." सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, पण त्यातलं भौतिकशास्त्र नेमकं उलटं आहे. व्ह्यूफाइंडर, म्हणजे कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची खिडकी, डोळ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर असला, तरी त्यातलं चित्र डोळ्याच्या दृष्टीनं साधारण मीटरभर लांब असतं. हातात धरलेला स्क्रीन मात्र खरोखरच तीस-चाळीस सेंटिमीटरवर असतो. म्हणजे डोळ्याच्या भिंगाला जास्त कष्ट पडतात ते स्क्रीन बघताना.

ही किमया नेत्रिकेची, म्हणजे आपण डोळा लावतो त्या छोट्या भिंगाची. कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल लोक तासन्‌तास बोलतात, नेत्रिकेकडे कुणी बघतही नाही. मला तर ती कॅमेऱ्यातला सर्वांत देखणा भाग वाटते.

वस्तू किती दूर आहे हे डोळ्याच्या भिंगाला ठाऊक नसतं. त्याच्यापर्यंत फक्त किरण पोचतात. वस्तूच्या एका बिंदूतून निघालेले किरण पसरत येतात. वस्तू जवळ असेल तर हा पसारा मोठा, दूर असेल तर लहान, आणि चंद्रावरून आलेले किरण जवळपास समांतरच. पसारा मोजायचं एकक डायॉप्टर, आणि हिशेब अगदी सोपा आहे: एकला मीटरमधल्या अंतरानं भागायचं. एक मीटरवरच्या वस्तूसाठी १ डायॉप्टर, ३३ सेंटिमीटरवरच्या स्क्रीनसाठी ३, आणि शाळेत शिकलेल्या २५ सेंटिमीटरच्या लघुतम अंतरासाठी ४. नंबर नसलेल्या डोळ्याला तेवढी जादा शक्ती स्वतःचं भिंग फुगवून आणावी लागते. पुस्तकात याला समायोजन म्हणतात. दहा वर्षांच्या मुलाला दहाच्या वर डायॉप्टर सहज जमतात, पन्नाशीत जेमतेम दोन उरतात. म्हणूनच चाळिशी लागलेल्या माणसाला कॅमेऱ्याचा स्क्रीन हात लांब करूनच वाचावा लागतो.

आता व्ह्यूफाइंडरच्या आत जाऊ. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात तिथे अर्ध्या इंचाच्या आसपास कर्णाचा ओएलईडी पडदा असतो. आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात त्याच्या जागी दुधी काचेवर पडलेली आणि पेंटाप्रिझममधून सरळ होऊन आलेली प्रतिमा असते. दोन्हींच्या पुढे बहिर्गोल नेत्रिका. पडदा बरोबर नेत्रिकेच्या नाभीवर ठेवला तर एका बिंदूतले किरण समांतर होऊन बाहेर पडतात, म्हणजे चित्र अनंत अंतरावर दिसतं. पडदा नाभीच्या किंचित आत सरकवला की किरण थोडे पसरत बाहेर येतात आणि डोळ्याला ते दूरच्या, मोठ्या चित्रावरून आल्यासारखे वाटतात. ही आभासी प्रतिमा.

किंचित म्हणजे किती? नेत्रिकेचं नाभीय अंतर २० मिलिमीटर धरू. तिची शक्ती झाली ५० डायॉप्टर. किरण बाहेर पडताना १ डायॉप्टरचा पसारा शिल्लक हवा असेल, तर पडद्यावरून निघालेले किरण नेत्रिकेपाशी ५१ डायॉप्टरचा पसारा घेऊन यायला हवेत, म्हणजे पडदा १/५१ मीटरवर, १९.६ मिलिमीटरवर हवा. ०.४ मिलिमीटर सरकवलं आणि चित्र अनंतावरून एक मीटरवर आलं! कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात व्ह्यूफाइंडरच्या आकड्यांशेजारी बारीक अक्षरांत -१ डायॉप्टर असं छापलेलं असतं, ते या मीटरभर अंतराबद्दल.

नेत्रिकेच्या बाजूला नखानं फिरवायचं एक इवलंसं चाक असतं. ते हेच अंतर बदलतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याचा पल्ला -४ ते +२ असा असतो, त्यामुळे पुष्कळांना चष्मा काढूनही चित्र स्वच्छ दिसतं. चाक लावायची रीत अशी: कॅमेरा उजळ भिंतीकडे धरायचा, दृश्याकडे न बघता व्ह्यूफाइंडरमधल्या आकड्यांकडे बघायचं, चाक अधिक बाजूला आकडे पुसट होईपर्यंत न्यायचं आणि मग परत आणताना आकडे पहिल्यांदा रेखीव दिसतील तिथे थांबायचं. उलट बाजूनं आलात तर तरुण डोळा समायोजन करून चित्र ओढूनताणून स्पष्ट करतो आणि दिवसभर ताण सोसतो. सिलिंड्रिकल नंबर मात्र या चाकानं भागत नाही, तिथे चष्मा ठेवावाच लागतो.

मुलांच्या वाढत्या नंबराचा संबंध सापडला आहे तो आनुवंशिकतेशी, सततच्या जवळच्या कामाशी आणि उघड्यावर कमी वेळ घालवण्याशी. कॅमेरा तर मुलांना बाहेर काढतो.

दुकानात "३६ लाख डॉट्सचा व्ह्यूफाइंडर" ऐकून हुरळून जाऊ नका. तिथे लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके वेगळे मोजतात. १२८० गुणिले ९६० पिक्सेल, म्हणजे सव्वाबारा लाखांच्या आसपास. तेवढेही पुरेसे आहेत, पण आकडा तिपटीनं फुगवलेला आहे.

उन्हात तर स्क्रीनची हारच होते. भर दुपारी जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. सूर्य समोर असेल तर तो तुमच्या पांढऱ्या शर्टावर पडतो आणि शर्टाची चकाकी पंचवीस हजार निट्सपर्यंत (निट हे पृष्ठभागाच्या चमकेचं एकक) जाऊ शकते. साध्या काचेचा पृष्ठभाग त्यातला चार टक्के परत फेकतो: हजार निट्स. कॅमेऱ्याच्या स्क्रीनची स्वतःची चमक बहुधा याहून कमीच. चित्रातल्या काळ्या भागावरही हे हजार निट्स चढतात, मग काळं-पांढरं ओळखायचं कसं? काळा टी-शर्ट घातला तर ही चकाकी वीसेक पटीनं उतरते. डोळा टेकवला की प्रश्नच मिटतो, शिवाय कपाळाचा आधार मिळून हाताची थरथरही कमी होते.

पण कास पठारावर मी स्क्रीनच उघडतो. सीतेची आसवं किंवा गेंद जमिनीपासून वीतभरही उंच नसतात. व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा तर फुलांवरच आडवं पडावं लागेल. बाहेर वळणारा स्क्रीन असेल तर वाटेवर उकिडवं बसून कॅमेरा तेवढा खाली धरता येतो. तिपाईवर असाल तर स्क्रीनवर चित्र दहापट मोठं करून फोकस परागकोशावर अचूक बसवता येतो.

एका प्रसंगी मात्र ही निवड डोळ्यांच्या जिवावरची आहे. २ ऑगस्ट २०२७ ला महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. तेव्हा वेध पाळून अन्न टाकून देणं किंवा गर्भवतीला अंधाऱ्या खोलीत कोंडणं याला काडीचा आधार नाही. खरा धोका डीएसएलआरला टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स लावून, फिल्टरशिवाय त्याच्या ऑप्टिकल (लेन्समधला प्रकाशच डोळ्यापर्यंत आणणाऱ्या) व्ह्यूफाइंडरमधून सूर्य बघण्याचा आहे. लेन्सनं गोळा केलेलं ऊन थेट दृष्टीपटलावर पडतं, आणि दृष्टीपटलाला वेदना कळत नसल्यानं भाजल्याचं त्या क्षणी समजतही नाही. मागच्या स्क्रीनवर किंवा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा वाचतो, पण सेन्सर जळू शकतो. म्हणून सौर फिल्टर दोन्ही वेळी हवाच, आणि तोही लेन्सच्या पुढे, नेत्रिकेपाशी नाही. तिथे एकवटलेलं ऊन फिल्टरच जाळून टाकू शकतं.