कॉकाटेल हातावर येत नाही? आधी तुम्ही मागे सरका

आधी कायद्याचं बोलून घेऊ. आपल्याकडे ज्वारीच्या कणसांवर थव्याने उतरतो तो हिरवा पोपट घरात पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, जखमी सापडला तर वनविभागाला कळवायचं, विषय संपला. पण जळगाव-भुसावळकडे आता गॅलऱ्यांत दिसतात ते कॉकाटेल नाहीतर लव्हबर्ड, हेही छोटे पोपटच, पण मूळचे ऑस्ट्रेलिया-आफ्रिकेचे, पिंजऱ्यातच जन्मलेले, त्यांना इथे उडवून दिलं तर त्यांचा निभाव लागणं अवघड. आणि भुसावळ म्हणजे रेल्वे, रेल्वे म्हणजे बदल्या, त्यामुळे कुणाचा तरी पक्षी पिंजऱ्यासकट दुसऱ्याच्या गळ्यात पडतोच. आमच्याकडे आला तो असाच. राखाडी अंग, गालावर नारिंगी ठिपका, आणि हात दिसला रे दिसला की फिस्स करून मागच्या जाळीला चिकटणार.

शेजारच्या काकांचा सल्ला एकच, "धर ना त्याले भो, चार दिनमा सवय व्हई जाई." गंमत म्हणजे चार दिवस असं धरलं की पक्षी खरंच गप्प बसतो, म्हणून हा सल्ला पिढ्यान् पिढ्या टिकलाय. पण गप्प बसणं आणि भीती जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

1967 मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला (क्रूरच होता, आज कोणी करू देणार नाही). ज्या कुत्र्यांना आधी काहीही केलं तरी न थांबणारे विजेचे झटके मिळाले होते, त्यांच्यातले बरेचसे नंतर सुटायची वाट उघडी असतानाही पडूनच राहिले. याला म्हणतात शिकलेली असहाय्यता. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण 2016 मध्ये याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलाच सिद्धांत उलटा मांडला, की हतबल होणं शिकावं लागतच नाही, लांबलेल्या त्रासात मेंदू आपोआप तसाच होतो, शिकावं लागतं ते हे की "मी काही केलं तर फरक पडतो."

म्हणजे बिथरलेल्या पक्ष्याला शिकवायचं ते हेच, की तू नको म्हणालास तर मी ऐकेन.

आता हे करायचं कसं. कॉकाटेलचा तुरा बघायचा, त्याच्यासारखं सोपं मीटर बहुतेक दुसऱ्या पोपटांना नाही. तुरा ताठ उभा म्हणजे दचकलाय किंवा कान टवकारलेत, तुरा डोक्याला चप्प बसवून अंग बारीक केलं आणि फिस्स केलं म्हणजे पुढे आलात तर चावेन, आणि तुरा सैलसर मागे, पिसं जरा मोकळी, एक पाय पोटात, तर बरं चाललंय. तुम्ही पिंजऱ्याकडे हळूहळू जा आणि तुरा बदलला त्या जागी थांबा, पुढे जाऊ नका, मागेही येऊ नका. त्याने जरा अंग सोडलं, पापणी मिटली, पिसं झटकली की लगेच दोन पावलं मागे. हेच त्याचं बक्षीस. घाबरलेल्या पक्ष्याला दाण्यापेक्षा तुमचं लांब जाणं जास्त हवं असतं, मग तेच द्या ना! मात्र तो शांत झाल्यावर द्या, फडफड चालू असताना पळालात तर तो फडफडच शिकेल.

खाऊची पाळी नंतर येते. आपल्याकडे त्यासाठी ऑनलाईन काही मागवायची गरज नाही, बाजरीचं अख्खं कणीस लांब असतं, एक टोक तुमच्या हातात आणि दुसऱ्या टोकाला चोच, मधे वीतभर अंतर, आणि रोज हात थोडा पुढे. एरवीच्या वाटीत बाजरी टाकायची नाही म्हणजे तिची किंमत राहते, पण उपाशी मात्र ठेवायचं नाही. ही युक्ती नवी नाही, 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडीचं खायला देत देत ससा थोडाथोडा जवळ आणला होता.

हात नेहमी खालून, छातीच्या बाजूने न्या. वरून झडप घालतो तो शिकरा.

बोटाजवळ चोच आली की माणूस झटकन हात काढतो, पण ती दरवेळी चावायलाच येते असं नाही. चढताना पोपट चोच तिसऱ्या पायासारखी वापरतात, 2022 च्या एका अभ्यासात लव्हबर्ड चढताना मोजलं तर चोचीचा जोर पायांइतकाच किंवा जास्त भरला. म्हणजे तो तुमची फांदी मजबूत आहे का बघतोय, आणि फांदी पळाली तर पुन्हा कशाला चढेल? खरा चावा तुरा चप्प झाल्यानंतरचा, आपण तुरा वाचला नाही म्हणून येतो.

मिरचीचं सगळे विचारतात. खान्देशात विचारणारच! पक्ष्यांना मिरची झोंबत नाही, डेव्हिड ज्युलियस (2021 चं नोबेल त्यांना मिळालं) यांच्या प्रयोगशाळेत 2002 मध्ये दिसलं की आपल्याला जळजळ कळवणारा जो रिसेप्टर, त्याच्या कोंबडीतल्या रूपावर मिरचीतल्या कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. तेव्हा हिरवी मिरची द्या, ठेच्यातली नको, त्यात मीठ आणि तेल असतं.

आमचा अजून बोटावर येत नाही. कणीस मात्र ओढून नेतो आणि दार उघडं असलं तर माझ्याकडे पाठ करून खातो, पाठ करतो हे मला फार मोठं वाटतं. डोकं खाजवायला स्वतः मान खाली घालेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असं घरात ठरलंय, काकांसकट.

आणि रात्रीचं लक्षात ठेवा, कॉकाटेल अंधारात दचकून पिंजराभर आपटतात, त्यातून पंख मोडतो. झिरोचा बल्ब लावून ठेवा, आणि लाईट जाणाऱ्या भागात असाल तर चार्जिंगचा बल्ब घ्या. तरी आपटला तर आत हात घालू नका, बॅटरीचा उजेड भिंतीवर मारायचा आणि लांबूनच बोलत राहायचं.