जार फाइल सापडत नाही : जावा सर्व्हरच्या अडचणी आणि परवान्यांची पार्श्वभूमी

बेळगावच्या शहापुरातल्या एका पतसंस्थेचा जुना प्रोग्रॅम अलीकडे नव्या मशीनवर न्यायचा होता. ठेवी आणि कर्जांची नोंद ठेवणारा, सर्व्हलेट आणि जेएसपीत (सर्व्हरवर चालून वेबपानं बनवणाऱ्या जावाच्या दोन पद्धती) लिहिलेला, २००४ च्या सुमाराचा. नव्या मशीनवर असे प्रोग्रॅम चालवणारा टॉमकॅट १० हा सर्व्हर बसवला, फाइल्स टाकल्या आणि लॉगमध्ये आलं की 'जावाएक्स.सर्व्हलेट' मधला क्लास (कोडचा एक तुकडा) सापडत नाही. काम करणारा मुलगा नुकताच इंजिनिअर झालेला. त्याने दोन दिवस कोड तपासला आणि शेवटी फोन केला, "सर, सगळं बरोबर आहे, तरी चालू होईना झालंय."

कोड खरोखरच बरोबर होता. अडचण एका नावाच्या मालकीची होती. सर्व्हरवरच्या जावात हे पहिल्यापासून असंच चालत आलंय: पडद्यावर दिसते ती तांत्रिक चूक, आणि तिचं मूळ पुष्कळदा परवान्याच्या कागदात असतं. ते समजायला मागे जावं लागतं.

सन मायक्रोसिस्टिम्सने जावा जाहीर केली मे १९९५ मध्ये. सर्व्हलेटचं पहिलं स्पेसिफिकेशन १९९७ मध्ये, त्यांच्याच जावा वेब सर्व्हरबरोबर आलं. त्याआधी सीजीआय ही पद्धत होती. त्यात प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस सुरू व्हायची, आणि गर्दी वाढली की मशीन गुदमरायचं. सर्व्हलेट एकदा मेमरीत आलं की तिथेच राहतं आणि येणाऱ्या विनंत्या त्याच प्रोसेसमधल्या वेगवेगळ्या थ्रेडवर घेतं. जेएसपी १९९९ मध्ये आली. त्याच वर्षी सनने जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिलेला नमुना सर्व्हर खुलं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनला दिला आणि त्याचं टॉमकॅट झालं. तोवर जेरन, सर्व्हलेटएक्झेक, अपाची जेसर्व्ह अशी सर्व्हलेट चालवणारी इंजिनं वापरात होती. टॉमकॅट फुकट होतं, सोर्ससकट मिळत होतं, बदलून विकायचीही मुभा होती.

पण टॉमकॅट ज्या जावावर चालायचं, ती सनच्या बायनरी कोड परवान्याखाली होती. पैसे पडत नसत, पण सोर्स मोकळा नव्हता आणि वाटायला बंधनं होती. म्हणजे घर आपलं आणि जमीन दुसऱ्याची. सीमाभागातल्या माणसाला ही अवस्था वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

१९९८ मध्ये बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ सुरू झालं आणि त्यानंतरच्या काही वर्षांत टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत जावा शिकवणारे क्लास निघाले. मी तेव्हा अशाच एका क्लासात शिकवत होतो. जेडीके, म्हणजे जावात प्रोग्रॅम लिहायचा संच, तीस एमबीच्या पुढची. डायल-अपवर दोन-अडीच तास लागायचे, आणि मध्येच फोन आला की सगळं पहिल्यापासून. मग पुण्याहून किंवा बेंगळुरूहून कुणीतरी सीडी आणायचं आणि तिच्या प्रती निघायच्या. परवाना मात्र सांगत होता की जेडीकेची संग्रहासाठी एकच प्रत काढावी. रनटाइम (जावा फक्त चालवायचा भाग) वाटता येत होतं, पण पूर्ण, न बदलता आणि स्वतःच्या प्रोग्रॅमबरोबरच. आमच्यापैकी कुणीही तो मजकूर वाचलेला नव्हता. त्यात एक कलम होतं की हे सॉफ्टवेअर अणुऊर्जा केंद्राच्या कामासाठी बनवलेलं नाही. कारवारजवळचं कैगा अणुऊर्जा केंद्र इथून फार लांब नाही, त्यामुळे नंतर वाचलं तेव्हा तेवढं कलम पक्कं लक्षात राहिलं.

आता अडचणींकडे. विंडोज ९८ वर टॉमकॅट सुरू करताना 'आउट ऑफ एन्व्हायर्नमेंट स्पेस' असं यायचं. डॉस खिडकीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एन्व्हायर्नमेंटची मेमरी वाढवली की काम व्हायचं. पुस्तकात दिलेला '/सर्व्हलेट/' वाला पत्ता टाकला की २००२ नंतर ४०४ (पान सापडत नाही) यायचं, कारण टॉमकॅट ४.१.१२ पासून सुरक्षेसाठी इन्व्होकर (नुसत्या पत्त्यावरून सर्व्हलेट चालवणारी सोय) बंद केला होता. पुस्तकं जुनीच राहिली आणि मुलं स्वतःला दोष देत बसली.

मराठी आणि कन्नड मजकुराने सगळ्यात जास्त छळलं. जावाच्या आत पहिल्यापासून युनिकोड होतं, पण ब्राउझरकडून आलेला मजकूर सर्व्हलेट आयएसओ-८८५९-१ ही पश्चिम युरोपी अक्षरांची पद्धत समजून वाचायचं. फॉर्ममध्ये 'खानापूर' लिहा, डेटाबेसात कचरा. मग आलेल्या अक्षरांचे पुन्हा बाइट्स करून यूटीएफ-८ या युनिकोडच्या पद्धतीने वाचायचे, हा उपाय सगळ्यांना तोंडपाठ होता. सर्व्हलेट २.३ मध्ये, २००१ साली, विनंतीचं एन्कोडिंग (अक्षरांची पद्धत) आधीच सांगायची सोय झाली. त्यातही विंडोज २००० ला देवनागरी यायची पण कन्नड यायची नाही. ती एक्सपीत आली. ज्या गावात प्रत्येक पावती दोन लिप्यांत लागते, तिथे हा फरक किती महागात पडतो, ते आम्ही रात्री जागून पाहिलंय.

ही झाली निव्वळ तांत्रिक दुखणी. पण जेएसपी कंपाइल होत नाही, 'टूल्स.जार' सापडत नाही, ही तक्रार वेगळी. (जार म्हणजे जावाच्या तयार कोडची बांधलेली फाइल.) जेएसपीचं सर्व्हलेट करायला कंपायलर (लिहिलेला कोड चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) लागतो, तो फक्त जेडीकेत होता, रनटाइममध्ये नव्हता; आणि सनची ती फाइल सुटी काढून टॉमकॅटबरोबर द्यायला मोकळीक नव्हती. टॉमकॅट ५.५ ने एक्लिप्स या खुल्या प्रकल्पाचा कंपायलर आत घेतला तेव्हा हा प्रश्न मिटला. मेल पाठवायच्या प्रोग्रॅमला जावामेल आणि 'ॲक्टिव्हेशन.जार' लागायच्या, त्या सनकडून वेगळ्या उतरवायच्या. लागणाऱ्या फाइल्स उतरवून प्रोग्रॅम बांधणारं मेव्हन आलं तेव्हा बाकी सगळ्या जार आपोआप यायच्या, पण सनच्या अशा फाइल्सपाशी बिल्ड थांबून सांगायचं की ही स्वतः उतरवून घ्या. मुलं नेट बंद पडलंय समजायची. खरं कारण एवढंच की त्या फाइल्स दुसऱ्याने ठेवायला परवानगी नव्हती.

वरच्या पातळीवर हाच वाद मोठा झाला. ईजेबॉस या खुल्या जावा सर्व्हरला ट्रेडमार्कमुळे नाव बदलून जेबॉस व्हावं लागलं, आणि जे२ईई या सनच्या सर्व्हर-जावाच्या मानकाचं प्रमाणपत्र मिळायला २००४ साल उजाडलं. नोव्हेंबर २००६ मध्ये सनने जावा जीपीएल या खुल्या परवान्याखाली खुली करायचं जाहीर केलं. तरीही अपाचीच्या हार्मनी या स्वतंत्र जावाला, ती खऱ्या जावाशी जुळते हे दाखवायला लागणारा चाचणी संच मान्य होण्याजोग्या अटींवर मिळाला नाही. जानेवारी २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली, आणि डिसेंबरमध्ये अपाचीने जावाचे नियम ठरवणाऱ्या समितीचा राजीनामा दिला. २०१९ पासून ओरॅकलच्या जावा ८ चे नवे अपडेट व्यवसायासाठी फुकट राहिले नाहीत. २०२३ मध्ये शुल्क कर्मचाऱ्यांच्या संख्येवर ठरू लागलं. लहान संस्थांनी इथे एवढंच बघावं की आपल्या मशीनवरची जावा कुणाची आहे. ओपनजेडीके या खुल्या जावावर बांधलेली टेमुरिनसारखी जावा वापरायला पैसे लागत नाहीत.

आणि पतसंस्थेचा तो प्रोग्रॅम? २०१७ मध्ये ओरॅकलने जावा ईई (जे२ईईचंच पुढचं नाव) एक्लिप्स फाउंडेशनला द्यायचं ठरवलं. कोड दिला, नाव दिलं नाही. 'जावा' हा ट्रेडमार्क असल्याने 'जावाएक्स' या पॅकेजमध्ये पुढे बदल करायची मुभाही मिळाली नाही. म्हणून २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये सगळीकडे 'जकार्ता' आलं. टॉमकॅट १० नवं नाव शोधतं, टॉमकॅट ९ जुनं. मुलाला सांगितलं की प्रोग्रॅमची वॉर फाइल (पूर्ण वेब प्रोग्रॅम बांधलेली फाइल) 'वेबॲप्स-जावाईई' फोल्डरमध्ये टाक, टॉमकॅट १० ती स्वतः बदलून घेतं. संध्याकाळी त्याचा फोन आला. खात्यांची यादी उघडली होती, आणि नावं दोन्ही लिप्यांत नीट दिसत होती.