कडा करपा, मर आणि कोकणातले बाकीचे जिवाणूजन्य पीकरोग

बॅक्टेरियामुळे पिकाला होणारे रोग ते जिवाणूजन्य रोग. कोकणात यातले दोन सगळ्यांच्या परिचयाचे आहेत, भातावरचा कडा करपा आणि वांगी-मिरची-टोमॅटोची मर. लिंबावरचा खैऱ्या, कोबीचा घाण्या, आंब्यावरचे काळे चट्टे, पानवेलीवरचे डाग हे पण त्याच कुळातले, आणि घाटावर ज्यांनी डाळिंबाचा तेल्या बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, तो पण बॅक्टेरियाच. अडचण अशी आहे की आपल्याकडे पान वाळलं की करपा आणि झाड वाळलं की मर, मग कारण काहीही असो. भातावर तर 'करपा' या एकाच नावाखाली दोन वेगळे रोग येतात, एक बुरशीचा आणि एक बॅक्टेरियाचा, आणि बुरशीचं औषध बॅक्टेरियाला लागू पडत नाही. आमच्याच शेतात एका वर्षी दुकानदाराने दिलेलं बुरशीनाशक दोनदा मारून झालं, पैसे गेले, भात पांढरं पडत गेलं, आणि मग कोणीतरी पान पाण्यात घालून बघायला सांगितलं. म्हणून या नोंदीत औषधापेक्षा ओळखीवर जास्त लिहिलंय.

आधी भात. बुरशीच्या करप्याचे ठिपके डोळ्याच्या आकाराचे असतात, दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी, आणि ते पानावर कुठेही येतात. कडा करपा नावाप्रमाणेच कडेने येतो. पानाच्या शेंड्याकडून किंवा एका कडेने पाणी लागल्यासारखी पट्टी दिसते, ती पिवळी होते, मग सुक्या पेंढ्याच्या रंगाची होते आणि खाली खाली उतरत जाते. या पट्टीची आतली बाजू सरळ नसते, नागमोडी असते, ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. गणपतीच्या आसपास भात पोटरीत असताना हे जास्त दिसतं. सकाळी लवकर बांधावर गेलात तर याच पट्टीवर मोहरीपेक्षा लहान दुधाळ-पिवळट थेंब दिसतात, ऊन चढलं की ते वाळून पिवळे कण होतात आणि पानावरून बोट फिरवलं की खरखर लागते. हे थेंब म्हणजे दंव नाही, ते पानातून बाहेर आलेले बॅक्टेरियाच आहेत, चिकट डिंकात गुंडाळलेले.

घरी करायची टेस्ट सोपी आहे. काचेचा साधा ग्लास घ्या, स्वच्छ पाणी भरा, रोगट आणि हिरवा भाग दोन्ही येतील असा पानाचा तुकडा कात्रीने कापा आणि कापलेलं टोक पाण्यात बुडेल असा धरून उजेडाकडे बघा. कडा करपा असेल तर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून धुरासारखी पांढरट रेघ पाण्यात उतरायला लागते आणि थोड्या वेळाने पाणी गढूळ दिसतं. बुरशीचा करपा असेल तर असं काही होत नाही. लॅबमध्ये पण पहिली पायरी हीच असते, फक्त तिथे पानाचा बारीक तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून मायक्रोस्कोपखाली बघतात.

या रोगाचं कोकणाशी नातं जुनं आहे, आणि हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. जगात याची पहिली नोंद जपानमधली, फुकुओका भागात १८८४ च्या सुमाराची. भारतात हा रोग पहिल्यांदा लक्षात आला तो १९५१ मध्ये कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडमध्ये. श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल यांनी त्यावर १९५९ मध्ये लेख लिहिला. यातले म. के. पटेल म्हणजे भारतातल्या वनस्पती-जिवाणुशास्त्राचा पाया घालणारे शास्त्रज्ञ, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात बसून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कितीतरी नवे रोग आणि त्यांचे बॅक्टेरिया शोधून काढले, आंब्यावरच्या काळ्या चट्ट्यांचा बॅक्टेरिया १९४८ मध्ये आणि पानवेलीवरचा १९५१ मध्ये. पुढे १९६३ मध्ये बिहारच्या शाहाबाद जिल्ह्यात कडा करप्याची मोठी साथ आली तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष गेलं, पण सुरुवात आपल्या खलाटीतच दिसली होती.

बॅक्टेरियाचं नाव झान्थोमोनास ओरायझी. काडीच्या आकाराचा, लांबी एक-दोन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), एका टोकाला एक शेपटी, तिच्या जोरावर तो पाण्यात पोहतो. तो पानाला भोक पाडू शकत नाही, त्याला तयार दार लागतं. भाताच्या पानाच्या कडेला बारीक छिद्रं असतात, रात्री त्यातून पाणी बाहेर येतं आणि सकाळी पानाच्या टोकाला थेंब दिसतो, त्याच वाटेने हा आत शिरतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या शिरांमध्ये वाढतो, म्हणून रोग कडेने सुरू होतो. दुसरी वाट जखमेची. आपल्याकडे वाऱ्यासकट आडवा पाऊस झोडपतो, पानं एकमेकांवर घासतात, फाटतात, आणि तोच पाऊस बॅक्टेरिया एका चुडातून दुसऱ्यात उडवतो. २५ ते ३० अंश तापमान, आठवडाभर मळभ, शेतात साचलेलं पाणी आणि वर युरियाचा मोठा डोस, म्हणजे कोकणातला ऑगस्ट महिना त्याच्या मनासारखाच. जिथे वायंगणी म्हणजे उन्हाळी भात घेतात तिथे तर दोन हंगामांच्या मध्ये त्याला उपाशी राहायला लागत नाही, धसकटं, आपोआप उगवलेलं भात आणि बांधावरचं गवत आहेच.

एक गोष्ट आपणच करतो. तरवा म्हणजे भाताची रोपं उंच झाली की लावणीच्या वेळी मूठ बांधून शेंडे कापायची पद्धत काही ठिकाणी आहे, लावायला सोपं जातं म्हणून. एका रोगट रोपावरून कोयती फिरली की पुढच्या सगळ्या मुठीला ताजी जखम आणि बॅक्टेरिया दोन्ही एकदम मिळतात. मग लावणीनंतर दोन-चार आठवड्यांत अख्खं रोपच गुंडाळून कोमेजतं, पोंगा ओढला तर खोडकिड्यासारखा सहज निघत नाही आणि खालचं टोक दाबलं तर पिवळट चिकट रस येतो. रोगाच्या या प्रकाराला क्रेसेक म्हणतात, शब्द इंडोनेशियातला आहे. लोक खोडकीड समजून कीटकनाशक मारतात आणि रोग तसाच पुढे जातो.

आता गंमत बघा, संशोधक जेव्हा एखादी व्हरायटी रोगाला किती टिकते हे तपासतात तेव्हा मुद्दाम हेच करतात. कात्री बॅक्टेरियाच्या पाण्यात बुडवायची, त्या पाण्यात एका मिलीलिटरला दहा कोटी ते शंभर कोटी बॅक्टेरिया असतात, आणि पानांचे शेंडे कापत जायचं. साधारण १४ दिवसांनी कापलेल्या टोकापासून पान किती सेंटिमीटर वाळलं ते पट्टीने मोजायचं. टिकणाऱ्या व्हरायटीत थोडंसंच वाळतं, नाजूक व्हरायटीत पान अर्ध्याच्या वर जातं. शेजारी तुलनेसाठी तायचुंग नेटिव्ह १ सारखी लगेच बळी पडणारी व्हरायटी लावलेली असते, तिच्यावर रोग आलाच नाही तर टेस्ट चुकली असं धरतात. १९७३ पासून ही पद्धत जगभर चालते, आणि जीनच्या काळात सुद्धा कात्री आणि पट्टी सुटलेली नाही.

त्याच्या आधी बॅक्टेरिया वेगळा काढावा लागतो. पानाचा तुकडा वरून निर्जंतुक करून थोड्या पाण्यात ठेचतात, ते पाणी साखर आणि पेप्टोन (बॅक्टेरियाचं प्रथिनयुक्त खाद्य) घातलेल्या अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या प्लेटवर रेघा ओढून पसरवतात, दोन-तीन दिवसांत गोल, फुगीर, चकचकीत पिवळ्या वसाहती येतात. पिवळा रंग या कुळाची ओळख आहे, झान्थो म्हणजेच पिवळा. चिकटपणा असतो त्यांच्या डिंकाचा, आणि याच कुळातल्या एका भावंडाचा झान्थन गम आपण आइस्क्रीम आणि सॉसमधून खातो. मग काचपट्टीवर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब घेऊन त्यात वसाहत घोळवतात आणि सुई हळूच वर उचलतात, पाकाची तार यावी तशी तार आली की ग्रॅम-निगेटिव्ह, तार नाही आली तर ग्रॅम-पॉझिटिव्ह (पेशीच्या भिंतीवरून बॅक्टेरियाचे हे दोन मोठे गट पडतात, झान्थोमोनास पहिल्यातला). पुढे तंबाखूच्या पानात बॅक्टेरियाचं पाणी टोचून बघतात, रोग करणारा असेल तर टोचलेली जागा बहुतेक वेळा एका दिवसात मरून सुकते, कारण झाड स्वतःच तेवढा भाग मारून शत्रूला कोंडतं. शेवटी तोच बॅक्टेरिया निरोगी भातावर टोचून तसाच रोग आला पाहिजे आणि त्यातून पुन्हा तोच बॅक्टेरिया निघाला पाहिजे, तेव्हा कुठे रोग पक्का झाला असं म्हणतात. आता पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या तपासणीने, काही तासांत उत्तर मिळतं, पण नवीन रोग असेल तर हा सगळा फेरा चुकत नाही.

गेल्या काही वर्षांत जे कळलंय ते मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं. हा बॅक्टेरिया पेशीत सुईसारख्या नळीतून प्रथिनं सोडतो, ती थेट भाताच्या जीनवर जाऊन बसतात आणि साखर बाहेर सोडणारे जीन चालू करतात. म्हणजे भाताच्या घरात शिरून भाताच्याच हाताने नळ उघडून घ्यायचा. ही प्रथिनं कुठल्या जीनवर बसतात त्याची लिपी २००९ मध्ये उलगडली. काही भातात नळाजवळची ती जागा थोडी वेगळी असते, किल्ली बसत नाही आणि रोग पुढे सरकत नाही, xa१३ नावाचा प्रतिकारक जीन असाच आहे. दुसरा मोठा जीन Xa२१, तो आफ्रिकेतल्या माली देशातल्या रानभातातून आला आणि १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात वेगळा काढला गेला. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी Xa२१, xa१३ आणि xa५ हे तीन जीन साध्या संकरातून, मार्करच्या (जीन रोपात आला की नाही ते दाखवणाऱ्या डीएनएच्या खुणेच्या) मदतीने, सांबा मसुरीत आणले आणि २००८ मध्ये सुधारित सांबा मसुरी आली. तीन एकत्र का, तर एकाच कुलपाची किल्ली बॅक्टेरिया काही वर्षांत बनवतो, तीन कुलपं एकदम उघडणं अवघड. कोकणात १९७२ पासून दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, भाताचं काम कर्जत आणि रत्नागिरीजवळ शिरगावला चालतं, आपल्या व्हरायट्या तिथल्याच, आणि बियाणं घेताना 'कडा करप्याला कशी आहे' हा प्रश्न दाण्याच्या आकाराइतकाच विचारला पाहिजे.

मर हा वेगळाच प्रकार. बॅक्टेरिया राल्स्टोनिया सोलानासिअरम, अमेरिकेतल्या अर्विन स्मिथने १८९६ मध्ये वर्णन केलेला. तो जमिनीत राहतो, मुळांच्या जखमांतून शिरतो, आणि सूत्रकृमींनी (जमिनीतल्या डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक जंतांनी) मुळं कुरतडली असतील तर त्याला आयतीच वाट. भात काढल्यावर मळ्यात लावलेलं वांगं चांगलं फुललेलं असतं, दुपारी पानं लोंबतात, संध्याकाळी परत ताठ होतात, घरचे म्हणतात पाणी कमी पडलं, आणि तीन-चार दिवसांत झाड हिरव्या पानांसकट मरतं. पिवळं न पडता मरणं ही बॅक्टेरियाच्या मरची खूण, बुरशीच्या मरमध्ये बहुतेक वेळा पानं आधी पिवळी पडतात. खोड जमिनीजवळ तिरकं कापा, आत तपकिरी कडं दिसेल, आणि तोच तुकडा पाण्याच्या ग्लासात उभा धरला की दुधाची धार सोडावी तसे पांढरे धागे खाली उतरतात. भातापेक्षा इथे हे फारच स्पष्ट दिसतं, मुलांना दाखवण्यासारखं आहे.

यावर मारायला खरं औषध नाही हे स्पष्टच सांगितलेलं बरं. पाटाच्या पाण्याने तो ओळीने पुढच्या झाडाला जातो, म्हणून मेलेलं झाड मुळासकट, भोवतीच्या मातीसकट काढून लांब न्यायचं, बांधावर टाकायचं नाही. त्याच जागी वांगं-टोमॅटो-मिरची पुन्हा पुन्हा नको. मध्ये पाण्यात उभं राहणारं भात आलं की बॅक्टेरिया बराच कमी होतो, त्यामुळे आपला भात-मग-भाजी हा फेरा मुळात चांगला आहे. रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं टिकतात, आणि बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का केशव, अर्का निधी, अर्का नीलकंठ ही वांगी आणि अर्का रक्षक टोमॅटो मरला दाद देत नाहीत अशीच निवडलेली आहेत.

भातावर तांब्याचं औषध आणि स्ट्रेप्टोसायक्लिन एकत्र मारायची शिफारस वर्षानुवर्षं चालत आली. स्ट्रेप्टोसायक्लिन म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन, माणसांच्या औषधातले अँटिबायोटिक. शेतात मारून बॅक्टेरिया त्याला सरावले तर दवाखान्यात अडचण, म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या कृषी खात्याने शेतीतला त्यांचा वापर बंद करायचा मसुदा काढला. मला ते पटतं, कारण कोकणातल्या पावसात फवारा दोन तास टिकत नाही, जे टिकतं ते आधीचं काम, म्हणजे युरिया एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांत देणं, रोग दिसला की पुढचा हप्ता थांबवणं, शेतातलं पाणी एकदा उतरवणं, पानं ओली असताना शेतात न फिरणं, शेंडे न कापणं. ताज्या शेणाचं २० टक्के पाणी गाळून फवारायची शिफारस तमिळनाडूच्या कृषी विद्यापीठाची आहे, आपल्याकडे गोठा असेल तर करून बघायला खर्च नाही.

आंब्याच्या काळ्या चट्ट्यांबद्दल थोडक्यात, ते फळावर उंचवट्यासारखे येतात, मध्ये ताऱ्यासारखी चीर पडते आणि त्यातून डिंक गळतो, बुरशीच्या करप्याचे डाग मात्र खोलगट असतात. सुपारीचा कोळेरोग या नोंदीत बसत नाही, तो बॅक्टेरियाचा नाही, फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जीवाचा आहे.

नमुना पाठवायचा असेल तर पूर्ण मेलेलं झाड नेऊ नका, त्यात कुजवणारे बॅक्टेरिया इतके वाढलेले असतात की खरा गुन्हेगार सापडत नाही. अर्धं हिरवं अर्धं रोगट असं पान किंवा खोड घ्या, पाणी पुसा, वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका कारण एसटीत बसेपर्यंत ते सडायला लागतं, आणि सोबत चिठ्ठीवर व्हरायटी, लावणीची तारीख, गाव, शेवटचं खत कधी टाकलं आणि काय मारलं ते लिहा.